पितृपंधरवड्यात ठरलेले घर

मुलुंड पूर्वेला आम्ही भाड्याने राहत होतो त्या घराचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार 1 डिसेंबर 2024 रोजी चौथ्यांदा होणार होता, आणि त्याआधीच्या दिवाळीत मी व माझ्या नवऱ्याने ठरवले की पाचवा करार करायचा नाही. म्हणजे 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत स्वतःचे घर हवे. वर्षभराची मुदत भरपूर वाटली होती. त्या वर्षात मुंबईतल्या घरखरेदीला किती ऋतू असतात आणि त्यातला कोणता कोणाच्या सोयीचा असतो, हे आम्हाला टप्प्याटप्प्याने कळत गेले.

पहिला ऋतू अर्थातच सणासुदीचा. 2 नोव्हेंबर 2024 च्या पाडव्याला आम्ही नटूनथटून एका नव्या प्रकल्पाच्या साइट ऑफिसात गेलो. दारात तोरण, आत पेढे, आणि प्रत्येक टेबलावर एकच वाक्य छापलेला कागद: मुद्रांक शुल्क शून्य, जीएसटी शून्य. मुद्रांक शुल्क शून्य होत नसते, ते कोणीतरी भरायचेच असते, एवढे मला ठाऊक होते. तेव्हा मी त्या तरुण विक्री प्रतिनिधीला विचारले की ही सवलत नको असेल तर किंमत किती कमी होईल. तो क्षणभर थांबला, आत जाऊन आला, आणि जी रक्कम त्याने सांगितली ती शुल्काच्या रकमेच्या बरीच जवळ जाणारी होती. सवलत किमतीतच मुरलेली होती. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी लागतो आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या घरावर तो लागत नाही, हा फरक आमच्यासारख्यांच्या हिशेबात लहान नव्हता. ताबा तीन वर्षांनी मिळणार होता, म्हणजे तोवर भाडे आणि हप्ता दोन्ही भरायचे. पेढा खाऊन आम्ही परतलो आणि जुन्या इमारतीतले, पुनर्विक्रीचे घर बघायचे ठरले.

हिशेब असा होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ऐंशी टक्के रक्कम कर्जाने मिळते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च धरता येत नाही. तो खिशातूनच भरावा लागतो. आम्हाला साठ लाखांच्या वर कर्ज झेपणारे नव्हते. जमवलेले पैसे, माझ्या आईने दिलेले आणि सासऱ्यांनी मुदतठेव मोडून दिलेले असे सगळे मिळून पंचाऐंशी लाखांच्या आतले एक बेडरूमचे घर शोधायचे होते, आणि ते मुलुंड-भांडुप सोडून नको होते, कारण मुलीची शाळा इथलीच.

जानेवारीत शोध सुरू झाला आणि फेब्रुवारीत तो अचानक वेगाने धावू लागला. याची दोन कारणे होती. 7 फेब्रुवारी 2025 रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, साडेसहावरून सव्वासहा टक्क्यांवर आणला. जवळपास पाच वर्षांतली ती पहिली कपात होती, आणि आमच्या इस्टेट एजंटने त्याच संध्याकाळी फोन करून सांगितले की आता भाव चढणार. दुसरे कारण मार्चअखेर. मुंबईत मार्च हा दस्त नोंदणीचा सगळ्यात जड महिन्यांपैकी एक असतो. 1 एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले जमीन-घरांचे, नवे दर लागू होण्याची शक्यता असते. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे निघणारे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते, त्यामुळे दर वाढण्याआधी उरकून घेण्याकडे सगळ्यांचा कल असतो. बँकांच्या शाखांनाही वर्षाचे उद्दिष्ट मार्चमध्येच गाठायचे असते. जुन्या कररचनेत राहिलेले पगारदार घराच्या व्याजाची आणि मुद्दलाची वजावट त्याच वर्षात बसवू पाहतात. हे सगळे एकाच चार आठवड्यांत येऊन आदळते.

आम्ही त्या गर्दीत सापडलो. भांडुप पश्चिमेला अठ्ठ्याहत्तर लाखांत एक घर बरे वाटले, एजंटने "ताई, एकतीस तारखेच्या आत झालं तर झालं, नाहीतर हे घर गेलं" असे सांगितले, आणि आम्ही एक लाखाचे टोकन दिले. बँकेने तर आम्हाला धक्काच दिला. इतर वेळी फोन न उचलणारा कर्ज विभागाचा माणूस रोज दोनदा फोन करू लागला, आणि आठवड्याच्या आत 8.25 टक्के दराचे मंजुरीपत्र हाती आले. दहा हजार रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी, असे अकरा हजार आठशे रुपये आम्ही आनंदाने भरले. मंजुरीपत्र म्हणजे कर्ज नव्हे, हे तेव्हा लक्षात आले नाही. आमच्या उत्पन्नाची आणि सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या जुन्या नोंदींची, तपासणी झाली होती. घराची व्हायची होती. बँकेच्या वकिलाकडे मार्चमध्ये फायलींचा ढीग होता, त्यामुळे सर्च रिपोर्ट (घराच्या मालकीच्या कागदांची तपासणी) यायला पंधरा दिवस गेले, आणि आला तेव्हा त्यात लिहिले होते की बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला करून दिलेला मूळ करारनामा नोंदलेलाच नाही व त्याची मूळ प्रतही सापडत नाही. घर तिसऱ्या हातात होते. पहिलाच दुवा नव्हता. विक्रेत्याने हात वर केले, बँकेने मान हलवली, आणि एजंटने आम्हाला हे आधी का सांगितले नाही याचे उत्तर आजतागायत दिलेले नाही. टोकन परत मिळवायला मे उजाडला. प्रक्रिया शुल्क परत मिळत नाही, असे मंजुरीपत्राच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेले होते.

या सगळ्यात एक गोष्ट अशी की ज्या घाईने आम्हाला तिथवर नेले ती घाई मुळात अर्धीच खरी होती. नोंदणी कायद्याप्रमाणे दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदवता येतो. शुल्क भरून करारावर 31 मार्चपूर्वी सह्या केल्या तर नोंदणी नंतर केली तरी चालते. ही गोष्ट मला माझ्या मोठ्या दिरांनी सांगितली, आणि त्यांना ती ठाऊक असण्याचे कारण 2020. करोनाच्या त्या वर्षी राज्य सरकारने 1 सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मुंबईतले मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणले होते आणि जानेवारी ते मार्च 2021 साठी ते तीन टक्के ठेवले होते. त्या डिसेंबरात मुंबईत एकोणीस हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. दिरांनी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शुल्क भरले, सह्या केल्या, आणि गर्दी ओसरल्यावर सावकाश जाऊन नोंदणी केली. आमच्या एजंटला हे माहीत नसेल असे मला वाटत नाही. रेडी रेकनरचे दर 1 एप्रिल 2025 पासून मुंबईत वाढले खरे, पण सरासरी वाढ चार टक्क्यांच्याही आतली होती, आणि आम्ही बघत होतो त्या घरांच्या करारातली किंमत रेडी रेकनरच्या मूल्याहून तशीही जास्तच होती. म्हणजे आम्हाला त्या वाढीने एका रुपयाचाही फरक पडला नसता.

एप्रिलमध्ये आम्ही दमून बसलो. त्या महिन्याच्या 9 तारखेला रेपो दर सहावर आला आणि 6 जूनला एकदम अर्ध्या टक्क्याने उतरून साडेपाचवर. नवरा म्हणाला, "बरं झालं, थांबलो ते. दर आणखी उतरू दे." मीही तसेच समजत होते. मग एका रविवारी दोघांनी कागद-पेन घेऊन बसल्यावर कळले की ही समजूत निम्मी चुकीची आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मापदंडाशी, बहुतेक बँकांत रेपो दराशी, जोडलेली असतात आणि तीन महिन्यांतून किमान एकदा त्यांचा दर नव्याने ठरवावा लागतो. मार्चमध्ये आमचा दर 8.25 होता, तेव्हा रेपो 6.25 होता, मधला दोन टक्क्यांचा फरक म्हणजे बँकेचा स्प्रेड. मार्चमध्ये कर्ज घेतले असते तरी रेपो साडेपाचवर आल्यावर आमचाही दर साडेसातवरच आला असता. थांबून आम्ही वाचवले ते फक्त मधल्या काही महिन्यांचे जादा व्याज. साठ लाखांच्या, वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता सव्वाआठ टक्क्यांनी 51,124 रुपये आणि साडेसात टक्क्यांनी 48,336 रुपये येतो. महिन्याला 2,788 रुपयांचा फरक, तोही काही महिन्यांपुरता, आणि त्या महिन्यांत आम्ही भाडे भरतच होतो. दर कोणत्या महिन्यात उतरतो यापेक्षा स्प्रेड किती आहे हे महत्त्वाचे, कारण तो रेपोबरोबर उतरत नाही. गृहवित्त कंपन्यांना मात्र हा बाह्य मापदंडाचा नियम लागू नाही. त्या आपला मूळ दर स्वतः ठरवतात, त्यामुळे तिथे कपात कर्जदारापर्यंत किती आणि केव्हा पोचेल हे त्या कंपनीवर अवलंबून असते. एका कंपनीचा माणूस बँकेपेक्षा थोडा कमी दर देत होता. हा प्रश्न विचारल्यावर त्याने विषय बदलला. आम्ही बँकेकडेच राहिलो.

मे महिना घरे बघायला सोयीचा असतो, शाळांना सुट्टी असते, संध्याकाळी उजेड असतो. आम्ही मुलुंड पश्चिमेला एक घर बघितले आणि ते जवळजवळ ठरवलेच. चौथा मजला, वरचाच मजला, पश्चिमेची खिडकी, नवा कोरा पांढरा रंग. विक्रेत्याने सांगितले की मुलीच्या लग्नासाठी रंग काढला होता. मी खूश होते. सासरे मात्र, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, भिंतीवरून हात फिरवत राहिले आणि खाली उतरल्यावर एवढेच म्हणाले, "पाऊस पडू दे. मग परत बघू." एका घरासाठी महिनाभर थांबणे मला वेडेपणाचे वाटले होते. पण त्या वर्षी थांबावे लागलेच नाही. 26 मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, पाऊणशे वर्षांच्या नोंदींत इतका लवकर तो कधी आला नव्हता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही फोन न करता त्या घरी गेलो. विक्रेत्याच्या बायकोने दार उघडले, चहा टाकला, आणि मी बेडरूममध्ये गेले. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीपाशी नसलेले एक लाकडी कपाट आता तिथे उभे होते. कपाट आणि भिंत यांच्या फटीतून मी मोबाइलचा उजेड टाकला. कपाटाच्या वरच्या कडेच्या मागे रंगाला फुगे आले होते, दोन-तीन फुटले होते, आणि फुटलेल्या जागी आतला जुना रंग करडा-हिरवा दिसत होता. भिंतीला बोट लावले तर बोटावर चुन्याचा ओला, थंड थर आला. छतावरही, पंख्याच्या हुकाभोवती, चहाच्या कपाने टेबलावर उमटावा तसा पिवळसर गोल उमटला होता. चहा घेऊन आम्ही निघालो. वरच्या मजल्यावरची गळती सोसायटीने दुरुस्त करायची की सदस्याने, यावरून त्या इमारतीत दोन वर्षे वाद चालू असल्याचे खाली वॉचमनने आपणहून सांगितले.

त्यानंतर आम्ही घरे फक्त पावसातच बघितली. एजंटला हे आवडत नव्हते. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असते, विक्रेतेही फारसे उत्सुक नसतात, आणि छत्र्या घेऊन जिने चढायचा त्यालाही कंटाळा. पण जुलै-ऑगस्टमध्ये इमारतीबद्दल जे कळते ते दिवाळीत कोणी कितीही खरे बोलले तरी कळत नाही. स्टेशनपासून चालत येताना पाणी कुठे घोट्यापर्यंत असते, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरल्याने लिफ्ट बंद ठेवतात का, पार्किंगमधल्या गाड्यांच्या चाकांवर चिखलाची रेघ कोणत्या उंचीला आहे, मीटरच्या खोलीत उग्र वास येतो का. अण्णा प्रत्येक इमारतीत आधी मीटरची खोली बघायचे. ते बेस्टमध्ये वीज विभागात होते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने इमारतीचे चारित्र्य तिथेच कळते.

18 आणि 19 ऑगस्टला मुंबई पाण्याखाली होती. 19 तारखेला मध्य रेल्वेची वाहतूक ठप्प झाली आणि सरकारी कार्यालये बंद ठेवावी लागली. 20 ऑगस्टच्या संध्याकाळी आम्ही मुलुंड पूर्वेच्या एका 1994 सालच्या इमारतीत, सात मजल्यांपैकी तिसऱ्या मजल्यावरच्या घराची बेल वाजवली. दार उघडणारे काका सत्तरीच्या पुढचे, एकटेच राहणारे. "आज? आज घर बघायला आलात?" असे त्यांनी दोनदा विचारले. मी भिंतींना हात लावून बघत होते तेव्हा ते माझ्यामागून येत होते, आणि स्वयंपाकघरात पोचल्यावर त्यांनी स्वतःच स्टूल ओढून मला माळ्यावर डोकवायला सांगितले. माळ्यावर जुनी वर्तमानपत्रे अंथरलेली होती. मी एक उचलले. ते कोरडे होते, कडा कुरकुरीत, आणि खालची फरशी धुळकट पांढरी. काका म्हणाले, "खिडकीतून थोडं पाणी येतं हं, दक्षिणेच्या. कापड लावतो मी." इतकी घरे बघून झाली होती, पण दोष स्वतःहून सांगणारा विक्रेता तोपर्यंत भेटला नव्हता.

कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावून ठेवले होते: बिल्डरशी झालेला नोंदणीकृत करार, इंडेक्स दोन (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत. ते पहिलेच मालक होते, साखळीत दुसरा दुवाच नव्हता. मागणी शहाऐंशी लाखांची. त्यांची मुलगी पुण्याला असते, तिच्याजवळच त्यांनी एक लहान घर घेतले होते आणि त्याचा शेवटचा हप्ता डिसेंबरपर्यंत द्यायचा होता.

गणपती 27 ऑगस्टला बसले, 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, आणि लगेच पितृपंधरवडा लागला. एजंटने सांगितले की आता घटस्थापनेपर्यंत काही बोलू नका, या दिवसांत कोणी व्यवहार करत नाही. आमच्या घरात यावरून जरा वाद झाला. नवऱ्याला काहीच वाटत नव्हते. सासूबाईंना ते पटत नव्हते. आणि अण्णांनी, ज्यांनी कालनिर्णय वाचल्याशिवाय कधी दाढीही केलेली नाही, मध्यम मार्ग काढला की बोलणी करायला हरकत नाही, पैसे हातावर ठेवायचे नाहीत. आम्ही पंधरवड्यात तीनदा काकांकडे गेलो. तिसऱ्या वेळी, सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी, ते स्वतःच म्हणाले, "गेल्या दहा दिवसांत तुमच्याशिवाय कुणी बेल वाजवलेली नाही. आणि दिवाळीत जे येतील ते इथे नाही येणार, ते नव्या टॉवरची ऑफिसं बघत हिंडतील. तुमचं शेवटचं काय ते सांगा." आम्ही एक्याऐंशी म्हणालो, ते त्र्याऐंशी म्हणाले, आणि ब्याऐंशीवर दोन्ही बाजू गप्प झाल्या. पंधरवड्यामुळे भाव उतरला असे मी म्हणणार नाही. काकांना पैसे वेळेत हवे होते आणि त्या दिवसांत त्यांच्यासमोर दुसरे कोणी नव्हते, एवढेच. दोन लाखांचे टोकन 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या सकाळी, त्यांच्या देवघरासमोर दिले.

आता बँका सणासुदीच्या मोसमात होत्या. मार्चचे मंजुरीपत्र कालबाह्य झाले होते, पुन्हा सगळे कागद द्यावे लागले, पण या वेळी प्रक्रिया शुल्क माफ होते आणि दर साडेसात टक्के. जाहिरातीत मोठ्या अक्षरात होते ते शुल्कमाफीचे. मी मात्र या वेळी पहिला प्रश्न स्प्रेडचा विचारला. दोनच, मार्चमध्ये होता तेवढाच. दुसऱ्या एका बँकेने शुल्कमाफीबरोबर गृहविमा सक्तीचा असल्यासारखे सांगितले, लेखी मागितल्यावर तो ऐच्छिक निघाला. अकरा हजार आठशे रुपयांची माफी वीस वर्षांच्या व्यवहारात फार मोठी नाही, पण एकदा तेवढेच पैसे वाया घालवल्यावर ती गोड लागली.

घर कोणाच्या नावावर घ्यायचे हा प्रश्न शुल्काने सोडवला. मुंबईत निवासी घरावर मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह सहा टक्के आहे, पण खरेदीदार फक्त स्त्री असेल तर एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याचे नाव जोडले असते तर ती गेली असती. ब्याऐंशी लाखांवर सहा टक्के म्हणजे 4,92,000, आणि पाच टक्के म्हणजे 4,10,000. फरक ब्याऐंशी हजारांचा. नवरा सहकर्जदार झाला, मालक मी एकटी. तो नव्या कररचनेत असल्याने व्याजाच्या वजावटीचाही प्रश्न नव्हता. सासूबाईंना हे सांगताना मी थोडी बिचकले होते, त्या म्हणाल्या, "बरंच झालं की. तुझ्या नावावर तरी काहीतरी राहील." नोंदणी शुल्क तीस हजार, ते मात्र सगळ्यांना सारखेच.

मुहूर्ताची एक गंमत या वेळी कळली. दसऱ्याला नोंदणी व्हावी असे अण्णांच्या मनात होते. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीला आला. पण गांधी जयंती नसती तरी दसऱ्याला दुय्यम निबंधक कार्यालय बंदच असते. गुढीपाडव्यालाही सुट्टी, बलिप्रतिपदेलाही सुट्टी. साडेतीन मुहूर्तांपैकी सरकारी कार्यालय उघडे सापडण्याची आशा ती अक्षय्य तृतीयेची. म्हणून लोक मुहूर्ताला टोकन देतात, चावी घेतात, आणि नोंदणी आदल्या-नंतरच्या दिवशी करतात. म्हणून त्या आठवड्यांत गर्दी होते. आम्हाला 17 ऑक्टोबर मिळाली. अण्णांनी कालनिर्णय उघडले. "वसुबारस आहे. चालेल," म्हणाले.

वसुबारसेला सकाळी साडेनऊला कार्यालयाबाहेर आमच्यापुढे तेरा माणसे होती. ग्रास या सरकारी संकेतस्थळावर शुल्क भरल्याचे चलन, डेटा एंट्रीचा क्रमांक, आधार, पॅन, दोन साक्षीदार, सगळे वकिलांच्या माणसाने क्रमाने लावून ठेवले होते, तरी सर्व्हर दुपारी दीडपर्यंत अडखळत होता. आमचा क्रमांक लागला तेव्हा अडचण वेगळीच निघाली. काकांच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेईना. आयुष्यभर प्रेसमध्ये टाइप जुळवण्याचे काम केलेल्या त्या बोटांवर रेषाच पुसट झाल्या होत्या. उजवा अंगठा, डावा, पुन्हा उजवा. लिपिकाने ओला रुमाल दिला, मग कोरडा. मागच्या रांगेतून कोणीतरी कपाळाला बोट घासून बघा म्हणाले. काकांनी अंगठा आपल्या कपाळावर दोनदा घासला आणि काचेवर दाबून धरला. या खेपेला पडद्यावर हिरवी खूण आली. रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग कॅमेऱ्यासमोर काकांचा फोटो, माझा फोटो, आणि एकूण सात मिनिटांत घर नोंदले गेले.

ब्याऐंशी हजारांचा आकडा त्या दिवशी पुन्हा भेटला. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो. काकांना वाटले आम्ही तेवढे पैसे कमी देतोय. त्यांच्या पॅनवर ती रक्कम जमा होते आणि विवरणपत्र भरताना ती धरता येते, हे मी चलन दाखवून समजावले, तरी त्यांनी पुण्याला मुलीला फोन लावून खात्री करून घेतलीच. मला त्यात काही गैर वाटले नाही.

दिवाळीच्या सुट्ट्यांनी शेवटचा टप्पा लांबवला. नोंदणी झाली तरी बँकेचा धनादेश इंडेक्स दोन, सोसायटीचे ना हरकत पत्र आणि वकिलाचा अंतिम शेरा मिळाल्याशिवाय निघत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी गावी गेले होते. भाऊबीज झाली, ते परतले, आणि 29 ऑक्टोबरला धनादेश काकांच्या हातात पडला. करार संपायला दोन दिवस उरले होते. जुन्या घरमालकांनी आठ दिवसांची सवड दिली, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

5 डिसेंबरला रेपो दर आणखी पाव टक्क्याने उतरून सव्वापाचवर आला. जानेवारीत बँकेचा संदेश आला की आमचा दर आता सव्वासात आहे. हप्ता कमी करायचा की मुदत, असे विचारल्यावर आम्ही हप्ता 48,336 वरच ठेवला. त्याने सुमारे नऊ महिने कमी झाले. दर वर जाईल तेव्हा हेच उलट्या दिशेने होईल, 2022 च्या मेपासून नऊ-दहा महिन्यांत रेपो चारावरून साडेसहावर गेला तेव्हा दिरांची मुदत कशी लांबली होती ते आम्ही बघितले आहे.

शेअर सर्टिफिकेटवर माझे नाव अजून चढलेले नाही. त्याचा ठराव समितीच्या पुढच्या बैठकीत येणार आहे. दक्षिणेच्या खिडकीचे काम मात्र आम्ही मार्चमध्येच करून घेतले, कारण एप्रिलनंतर वॉटरप्रूफिंगवाले सापडत नाहीत आणि सापडले तर दीडपट सांगतात.